मार्चअखेरच्या अडतीस सह्या

दिल्लीत पानगळ वसंतात होते. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना ती थट्टा वाटते. पण मार्चचा मधला आठवडा आला की कडुनिंब पिवळे पडतात, पिंपळ दोन दिवसांत उघडे होतात, आणि त्याच वेळी सावरीची लाल, जाड फुलं रस्त्यावर पडून चिरडली जात असतात. आमच्या सोसायटीतला झाडूवाला सकाळी पानांचे ढीग करतो, दुपारचा वारा ते पुन्हा विस्कटतो. माझी मुलगी याला 'पतझड' म्हणते. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, ती शिकली नाही. 'पानगळ' हा शब्द मी तिला दोनदा सांगितला, दोन्ही वेळा ती "अच्छा" म्हणाली आणि विसरली.

हे दिवस आले की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. लोक कूलरच्या जाळ्यांत नवीन वाळा भरून घेतात, लोकरीचे कपडे उन्हात टाकून पेटीत घालतात. मीही हे सगळं करते. पण वाळलेल्या पानांचा तो खरखर आवाज ऐकला की मला एक ओसरी आठवते, शेणाचा आणि हिरव्या चाऱ्याचा वास येतो, आणि पाटीवर पेन्सिल करकरते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. माझ्या नवऱ्याला केंद्र सरकारची नोकरी, रामकृष्णपुरममध्ये सरकारी क्वार्टर. मुलगी मोठी झाली होती, दुपार रिकामी असे. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर मुनिरका. तिथे एका माडीवर, खाली फोटोकॉपीचं दुकान आणि वर विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या अशा इमारतीत, आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीला टेकवलेल्या पाट्यांची चवड. संस्था ज्यांनी काढली त्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका होत्या. त्यांना सगळे दीदी म्हणत. आठवड्यातून चार दिवस आम्ही त्यांच्या जुन्या मारुती व्हॅनमधून हद्द ओलांडून हरियाणातल्या एका गावात जायचो आणि बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचो. गावाचं नाव सांगत नाही. आता सांगून उपयोगही नाही. ते नाव आज फक्त एका बसथांब्यावर उरलं आहे.

तेव्हा त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू होता. गव्हाच्या मधोमध उंच लोखंडी खांबांवर नव्या घरांच्या जाहिरातींच्या पाट्या उभ्या राहायला लागल्या होत्या. पाटीवर निळा पोहण्याचा तलाव, गोरे आईबाप, एक केसाळ कुत्रा. पाटीच्या सावलीत म्हशी बसलेल्या असत. दीदी गाडी चालवता चालवता म्हणायच्या, "ये लोग कब आएँगे रहने?" मी म्हणायची, "आएँगे, दीदी." मला त्या पाट्या आवडत, हे आज कबूल करायला हरकत नाही. सरकारी क्वार्टरच्या चुन्याच्या भिंतींत वाढलेल्या माणसाला तो निळा रंग भुरळ घालणारच.

वर्ग भरायचा विमलाच्या ओसरीवर. विमला पस्तिशीची असेल. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा अपघातात गेला होता. दोन मुली होत्या, थोरली सुमन चौथीत. घर एकत्र, सगळा कारभार थोरल्या दिराच्या, तिच्या जेठच्या हातात. नवऱ्याच्या वाट्याची जमीन पटवाऱ्याच्या दफ्तरात विमलाच्या नावावर चढली होती, पण ती कसत होता जेठच. हे सगळं तिने मला एकदा चारा कापता कापता सांगितलं होतं, गावात पाऊस किती झाला हे सांगावं तितक्या सहज. मी ऐकलं आणि तितक्याच सहज विसरले.

दुपारी दोन वाजता बायका यायच्या. गोवऱ्या थापून झालेल्या, हाताला अजून ओल. ओसरीच्या आत पाऊल टाकलं की घुंघट वर. मग आधी अर्धा तास गप्पा, एखादं गाणं, कोणाच्या सुनेची तक्रार, आणि मग पाट्या. दीदींचं कशाला काही बंधन नसे. "दो घंटे मुँह खोलके बैठती हैं, ये कम है क्या?" असं त्या म्हणायच्या. मला हे पटत नसे. मी कारकुनाची मुलगी. वडिलांनी घरातल्या भाजीचाही तक्ता ठेवला होता. वर्ष उलटलं तरी एकाही बाईला बसची पाटी वाचता येत नाही, आणि आम्ही मात्र समाधानी; हे मला खुपायचं. म्हणून आम्हाला मदत देणाऱ्या संस्थेने त्या जानेवारीत जेव्हा कळवलं, की पुढची मदत हवी असेल तर उद्दिष्टं स्पष्ट आणि मोजता येतील अशी ठरवा, तेव्हा दीदी वैतागल्या आणि मी मनातून खूष झाले.

ते ठरवायला त्या संस्थेकडून अभिजित आला. पुण्याचा, तिशीच्या आतला, हातात पांढऱ्या कागदांची मोठी गुंडाळी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा फुलला. लगेच "ताई" म्हणायला लागला. ऑफिसच्या भिंतीला कागद चिकटवून त्याने विचारलं, "मार्चअखेरीस नेमकं काय झालेलं असेल? मला डोळ्यांनी दिसेल असं सांगा."

दीदी म्हणाल्या, "उनमें आत्मविश्वास आएगा."

"आएगा, दीदी. पर मैं कैसे देखूँगा?"

दीदींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तो पहिल्या बाकावरचा मठ्ठ विद्यार्थी असावा. पण त्याचं चुकत नव्हतं. तो चिडला नाही, हसला नाही. त्यानेच सुचवलं: पाच ओळींचा, आधी न पाहिलेला मजकूर प्रत्येक बाईने वाचून अर्थ सांगायचा. वर्गात चाळीस बायका. त्यांतल्या किती, ते लिहा.

मी मनात हिशेब केला. फेब्रुवारी आणि मार्च, त्यात होळी, त्यात कापणीची तयारी. मजकूर वाचणाऱ्या निघाल्या असत्या चार, फार तर पाच. भिंतीवरच्या त्या मोठ्या कागदावर 'पाच' हा आकडा कसा दिसेल ते मला आधीच दिसलं. मी म्हटलं, "सही धरू या का? अंगठ्याऐवजी स्वतःच्या नावाची सही. स्पष्ट आहे, मोजता येते, रजिस्टरमध्ये पुरावा राहतो."

अभिजित माझ्याकडे वळला. मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं बोलला. "ताई, सही म्हणजे चित्र काढणं झालं हो. वाचन नव्हे ते."

"पहिली पायरी आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी वाचन घेऊ. बिल्कुल घेऊ."

त्याने कागदावर लिहिलं: एकतीस मार्चपर्यंत चाळीस स्त्रिया अंगठ्याऐवजी सही करतील. खाली दुहेरी रेघ ओढली. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की आज पहिल्यांदा संस्थेचं काही धड काम झालं. तो म्हणाला, "चलो, अच्छा आहे. नाहीतर तुमचं काय चाललंय तेच कळत नाही यार."

आणि खरंच काम धड चालायला लागलं. गप्पा कमी झाल्या, पाट्या वेळेवर निघाल्या. प्रत्येकीचं नाव मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. जिचं नाव आखूड ती सुखी. 'शीला' दोन आठवड्यांत झाली. 'परमेश्वरी' रडकुंडीला आली. विमलाचं नाव तीन अक्षरांचं. ती चुलीसमोरच्या राखेत बोटाने लिहायची, परातीतल्या पिठात लिहायची. सुमन हसायची, "माँ, ल उलटा हो गया." तिचा 'ल' शेवटपर्यंत थोडा डावीकडे कलंडलेलाच राहिला. फेब्रुवारी संपायच्या आत तिने रजिस्टरमध्ये सही केली. तिच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली. मला आठवतं, तिने रजिस्टर स्वतःकडे ओढून त्या खुणेवर हळूच बोट ठेवलं.

मग तिने विचारलं, "इब आगे के सै, मॅडमजी?"

पुढे खूप होतं. तिला म, व, ल, क ओळखू यायला लागले होते. सुमनच्या पुस्तकातला 'कमल' तिने स्वतःहून लावला होता. चाळिसांतली सगळ्यात तयार बाई ती. पण त्या दिवशी एकोणीस नावांपुढची जागा कोरी होती आणि महिना उरला होता. मी म्हटलं, "तुम्हारा हो गया, विमला. अब एप्रिल में. अभी इनको देखने दो." ती मान हलवून बाजूला झाली आणि परमेश्वरीचा हात धरून तिला वळणं शिकवायला बसली. मला तिचं कौतुक वाटलं. मदतनीस मिळाली, असं वाटलं.

त्याच महिन्यात माझ्या मुलीची दहावीची परीक्षा होती. सकाळी तिला भूगोल विचारायचा, दुपारी गाव. क्वार्टर्सच्या गच्च्यांवर मुलं पुस्तकं घेऊन येरझाऱ्या घालत, खालून कोणीतरी ओरडे, "पाणी पी, ऊन आहे!" सगळीकडे गुणांची घाई होती. आज वाटतं, त्या दिवसांत मला ती घाई नैसर्गिक वाटली, कारण ऋतूच तसा होता. प्रत्येक दारात कोणीतरी काहीतरी पुरं करत होतं.

होळीनंतर चार-पाच दिवसांनी आम्ही वर्गावर पोचलो तर विमला दारातच उभी. ओढणीच्या टोकात गूळ बांधलेला. प्रत्येकीच्या तळहातावर तिने एकेक खडा ठेवला. "मन्नै कचहरी मैं दस्तखत करे!" ती म्हणाली. जेठने तिला नव्या जीपमधून तालुक्याला नेलं होतं, काही कागद होता. तिथल्या बाबूने विचारलं, अंगूठा की दस्तखत? "मन्नै कह्या, दस्तखत! सारे देखते रहगे, मॅडमजी." बायकांनी टाळ्या वाजवल्या. परमेश्वरीने तिला मिठी मारली. दीदींचे डोळे भरून आले.

कागद कसला होता, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मी विचारलं नाही. मी घरी आले आणि अहवालात एक परिच्छेद वाढवला: वर्गात शिकलेल्या कौशल्याचा प्रत्यक्ष जीवनात वापर. विमलाचं नाव घातलं, पाटी हातात घेतलेला तिचा फोटो चिकटवला. एकतीस मार्चला रजिस्टरमध्ये अडतीस सह्या होत्या. एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, एकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. अभिजितने फोनवर सांगितलं, की इतका स्वच्छ अहवाल त्याच्या हाती आजवर आला नव्हता.

एप्रिलचा पहिला आठवडा आम्ही सुट्टी घेतली. पुन्हा गेलो तेव्हा ओसरी झाडलेली होती, पण विमला नव्हती. घराच्या मागे सापडली. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती, समोर कापलेला चारा. मी जवळ जाऊन बसले. तिने कमरेची घडी काढून माझ्या हातात दिली. फोटोकॉपी होती, घामाने मऊ झालेली.

"पढ़ दे," ती म्हणाली.

तिच्या शेतात गव्हाच्या कडेने सिमेंटचे खांब रोवले गेले होते. तिने जेठला विचारलं, हे कसले खांब? त्याने आत जाऊन हा कागद आणला आणि तिच्या पुढ्यात टाकला. "ले. तू तो पढ़ी-लिखी सै. आप पढ़ ले."

मी वाचायला लागले. कचेरीची भाषा, अर्धे शब्द फारसी, मीही अडखळत होते. हळूहळू अर्थ लागत गेला आणि माझा आवाज खाली जात गेला. विमलाने तिच्या वाट्याच्या जमिनीवरचा हक्क आपल्या खुशीने जेठच्या नावे सोडला होता. ते खांब कसले, हे मागाहून कळलं: त्याने ती जमीन आपल्या जमिनीबरोबर एका बांधकामवाल्याला विकली होती. कागदाच्या शेवटी ओळ होती: हे मी कोणाच्याही दबावाशिवाय, वाचून, समजून लिहून दिलं आहे. 'पढ़कर, समझकर.' त्याखाली सही. विमला. 'ल' थोडा डावीकडे कलंडलेला.

"उस बाबू ने पूछा था, पढ़ लिया?" विमला म्हणाली. "सारे खड़े थे. जेठ बोल्या, म्हारी बहू पढ़ी-लिखी सै. मन्नै शरम आई ना कहण मैं. मन्नै कह दिया, हाँ जी, पढ़ लिया."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि म्हणाली, "रहण दे, मॅडमजी. मेरी ही गलती सै."

मला आयुष्यात कोणी इतकं लागेल असं बोललं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आम्ही धावपळ केली. दीदी तिला आणि मला घेऊन तालुक्याला गेल्या. कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे एक म्हातारे अर्जनवीस होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विमलाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "अंगूठा होता तो कुछ कह सकते थे. अंगूठे वाले को पढ़के सुनाना पड़ता है, गवाह को बताना पड़ता है. ये तो दस्तखत है. दस्तखत वाला तो पढ़ा हुआ मान लिया जाता है जी." वर वाळलेली पानं होती, ती टाइपरायटरवर पडत होती आणि ते ती एकेक करून बाजूला सारत होते.

तरी अर्ज केला. दिल्लीतल्या एका ओळखीच्या वकीलबाईंनी दोन तारखा चालवल्या. मग एक दिवस विमलाचे दोन भाऊ आले, जेठबरोबर बसले, हुक्का झाला. ठरलं असं, की मागची एक खोली विमलाची, एक म्हैस तिची, दोन्ही मुलींची लग्नं जेठ करून देईल आणि अर्ज मागे घेतला जाईल. विमलाने अर्ज मागे घेतला. "राहायचं याच घरात आहे," एवढंच तिने सांगितलं. तिच्या बोलीत ते अजून छोटं होतं.

मी अभिजितला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, माझी सूचना, त्याचा इशारा, एप्रिलमध्ये बघू असं मी तिला सांगितलेलं, गूळ, सगळं. तो दिल्लीला आला, थेट ऑफिसात. भिंतीवरचा कागद अजून तसाच होता, दुहेरी रेघेसकट. दीदी म्हणाल्या, "फाड़ दो इसे." त्यांना सगळं मोजणंच फाडायचं होतं. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. मोजलं नसतं तरी विमलाला तो कागद वाचता आला नसता, आणि आम्ही आणखी दहा वर्षं समाधानाने गाणी म्हटली असती. पण जे सोपं होतं ते मी मोजायला घेतलं, आणि ज्या बाईचं ते मोजून झालं तिला बाजूला बसवलं. याला दुसरं नाव नाही.

"आता काय लिहायचं?" अभिजितने विचारलं.

"वाचन," मी म्हटलं. "पाच ओळी. न पाहिलेल्या."

"किती जणी?"

"सहा."

"ताई, सहावर वरचे लोक मदत देतीलच असं नाही."

"मग नाही देणार."

त्याने सहा लिहिलं. मदत निम्मी झाली. आम्ही मुनिरक्याची खोली सोडली आणि पाट्या दीदींच्या गॅरेजमध्ये ठेवल्या. वर्ग चालू राहिला, ओसरी बदलली. विमला आली नाही.

आज त्या शेतांच्या जागी चौदा मजली इमारती आहेत. निळा तलावही आहे, पाटीवर होता तसाच. माझी मुलगी तिथून दोन चौक पलीकडे राहते. तिच्याकडे जाताना फाटकावर रक्षक रजिस्टर पुढे करतो: नाव, कोणाकडे, वेळ, सही. मी थांबून वरपासून सगळे रकाने वाचते. मागे गाड्या खोळंबतात. मुलगी म्हणते, "आई, साईन कर ना, त्यात वाचायचं काय आहे?" तिला मी ही गोष्ट कधी सांगितलेली नाही.

विमलाला मी त्यानंतर एकदाच भेटले. पुढच्या वर्षीचा एप्रिल होता. सुमनला जवळच्या मोठ्या गावातल्या मुलींच्या शाळेत सहावीत घालायचं होतं. विमलाने कोणाबरोबर तरी निरोप पाठवला, की माझ्याबरोबर चल. मी गेले. कार्यालयात पंखा फिरत होता, खिडकीतून लूची, उन्हाळ्यातल्या त्या गरम वाऱ्याची, पहिली झुळूक आत येत होती, कागदांवर दगड ठेवलेले. कारकुनाने फॉर्म भरला, पेन पुढे केलं आणि बोटाने जागा दाखवली. "यहाँ दस्तखत."

"अंगूठा," विमला म्हणाली.

कारकुनाने वर बघितलं. सुमनही चमकली. "माँ, तन्नै तो आवै सै..." विमलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, ती गप्प झाली. कारकुनाने कपाटातून शाईची गादी शोधून काढली. विमलाने अंगठा पुढे केला नाही.

"पहले पढ़ के सुणा," ती म्हणाली.

"क्या सुनाऊँ? दाखिले का फॉर्म है."

"सारा सुणा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, शिकलेल्या बाईने काहीतरी समजवावं म्हणून. मी खिडकीकडे बघत राहिले. मग तो भराभर वाचायला लागला. मुलीचं नाव, जन्मतारीख, गाव, आधीची शाळा. विमला उभी राहून ऐकत होती, घुंघट कपाळापर्यंत, डोळे त्याच्या ओठांवर. एका ठिकाणी तिने हात वर केला.

"यो के सै? अभिभावक?"

"अभिभावक मतलब..." कारकून वैतागला होता, पण मग त्याला थांबून शब्द शोधावा लागला. "मतलब जो लड़की को सँभाले. जिसकी ज़िम्मेदारी हो. तुम."

"मैं?"

"हाँ. और कौन?"

विमलाने तो शब्द मनात एकदा म्हटला असावा. तिचे ओठ हलले. "ठीक सै," ती म्हणाली, आणि शाईत अंगठा बुडवून त्या जागेवर घट्ट दाबला.